माहितीचा अधिकार : बोम्मसंद्रा येथील स्थानिक कार्यालयांकडून अभिलेख कसे मागावेत

बंगळुरू शहराच्या आग्नेयेस, होसूर महामार्गालगत असलेले बोम्मसंद्रा हे कर्नाटकातील एक महत्त्वाचे औद्योगिक क्षेत्र आहे. आनेकल तालुक्यातील या परिसरात औषधनिर्मितीपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत अनेक कारखाने आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही सुमारे १९ किलोमीटर लांबीची मेट्रो मार्गिका सुरू झाल्याने हा परिसर शहराशी थेट जोडला गेला. पूर्वी ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत असलेल्या या गावाचा कारभार आता पुरसभा, म्हणजेच लहान शहराची नगरपालिका पाहते.

कामानिमित्त येथे राहणाऱ्या मराठी भाषकांना रस्ता, गटार, पाणीपुरवठा, मालमत्ता कर किंवा भविष्य निर्वाह निधी यांविषयी सरकारी कागदपत्रांची गरज भासते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा देशभर लागू असलेला कायदा आहे. मात्र शुल्क भरण्याची पद्धत, अर्जाची शब्दमर्यादा आणि अर्जाची भाषा या बाबी राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्रातील सवयीप्रमाणे मराठीत लिहिलेला आणि कोर्ट फी मुद्रांक लावलेला अर्ज बोम्मसंद्रा येथे अडू शकतो. अर्ज अडला की उत्तराची मुदत कधीपासून धरायची, याविषयीच वाद निर्माण होतो आणि अर्जदाराचे महत्त्वाचे महिने वाया जातात.

कायद्याची पार्श्वभूमी

सरकारी कागदपत्रे पाहण्याचा हक्क देणारा जगातील पहिला कायदा स्वीडनमध्ये १७६६ साली झाला. भारतात १९९० च्या दशकात राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने ग्रामपंचायतीच्या कामांची हजेरीपत्रके आणि देयके जनसुनावणीत वाचून दाखविण्यास प्रारंभ केला. गावपातळीवरील हिशेबाच्या मागणीतूनच पुढे देशव्यापी कायद्याची मागणी उभी राहिली. तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनी १९९७ मध्ये, तर कर्नाटकाने २००० मध्ये आपापले कायदे केले. महाराष्ट्रात ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा अमलात आला. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

कोणता अभिलेख कोणाकडे

अर्ज करण्यापूर्वी संबंधित कागद कोणत्या कार्यालयात आहे, हे निश्चित करणे ही पहिली पायरी होय. बोम्मसंद्रा येथे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची जबाबदारी दोन वेगळ्या संस्थांकडे असू शकते.

पुरसभेच्या हद्दीतील रस्ते, गटारे, पथदिवे, कचरा उचलण्याचे कंत्राट, बांधकाम परवाने आणि मालमत्ता कराच्या नोंदी पुरसभेकडे असतात. औद्योगिक वसाहतीचा आराखडा आणि भूखंडवाटप यांचे अभिलेख कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाकडे असतात. कारखान्यास दिलेली प्रदूषणविषयक संमती, तिच्या अटी आणि तपासणी अहवाल राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतात. आसपासची जी गावे अद्याप पुरसभेत नाहीत, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा लागतो.

शेतजमिनीच्या नोंदीसाठी माहिती अधिकाराची आवश्यकता नसते. महाराष्ट्रातील सातबाऱ्याशी मिळताजुळता असलेला ‘पहाणी’ हा उतारा कर्नाटकाच्या ‘भूमी’ या संगणकीय व्यवस्थेतून ठरावीक शुल्क भरून थेट मिळतो.

भविष्य निर्वाह निधीचे प्रकरण मात्र वेगळे आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे बोम्मसंद्रा येथे स्वतंत्र प्रादेशिक कार्यालय आहे, परंतु ती केंद्र सरकारची संस्था असल्याने तेथे केंद्राचे नियम लागू होतात. तिच्याकडील माहितीसाठी केंद्र सरकारच्या माहिती अधिकार संकेतस्थळावर अर्ज करता येतो. याच संकेतस्थळावर पुरसभेसाठी अर्ज केल्यास तो परत पाठविला जातो आणि भरलेले शुल्कही परत मिळत नाही. राज्यातील कार्यालयांसाठी कर्नाटक सरकारची निराळी ऑनलाइन व्यवस्था आहे. आपल्याला हवे असलेले कार्यालय तिच्या यादीत नसल्यास टपालाने किंवा प्रत्यक्ष जाऊन अर्ज द्यावा.

खासगी कारखान्याकडे थेट अर्ज करता येत नाही. तथापि, एखाद्या कायद्यान्वये सरकारी यंत्रणा त्या कारखान्याकडून जी माहिती मागवू शकते, ती त्या यंत्रणेकडे मागण्याची तरतूद कायद्यात आहे.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेल्यास तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणे, हे अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ग्रामपंचायतीच्या काळातील जुन्या नोंदींबाबत ही तरतूद विशेष उपयोगी ठरते.

अर्जाची भाषा

कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो. कर्नाटकाची राजभाषा कन्नड असल्याने मराठी अर्ज या कलमात बसत नाही. कन्नड न येणाऱ्या मराठी भाषकास हिंदीतून अर्ज करण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि तो केवळ भाषेच्या कारणावरून नाकारता येत नाही. व्यवहारात कन्नड किंवा इंग्रजी अर्ज अधिक लवकर मार्गी लागण्याची शक्यता असते.

ज्यास लिहिता येत नाही, अशा व्यक्तीची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यासाठी माहिती अधिकाऱ्याने सर्वतोपरी साहाय्य करावे, असेही याच कलमात म्हटले आहे.

मिळणारा अभिलेख मात्र ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत मिळेल. पुरसभेचे ठराव आणि टिपण्या कन्नडमध्ये असतात. कार्यालयाने त्यांचे भाषांतर करून देणे बंधनकारक नाही. त्यामुळे कागद वाचून समजावून सांगणारी व्यक्ती आधीच पाहून ठेवणे हिताचे ठरते.

अर्ज कसा लिहावा

कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि त्याची मांडणी १५० शब्दांत करावी. महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये असाच नियम केला. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी ही मर्यादा ५०० शब्दांची आहे.

अर्ज संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे असावा. त्या अधिकाऱ्याचे आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचे नाव व पदनाम प्रत्येक कार्यालयाने जाहीर करणे कलम ४ अन्वये आवश्यक आहे. अर्जदार भारतीय नागरिक असावा. कंपनी किंवा संघटनेच्या नावाने अर्ज न करता व्यक्तीने स्वतःच्या नावाने करणे उचित होय.

अर्जात कारण देण्याची गरज नसते. संपर्कासाठी आवश्यक तेवढाच तपशील पुरेसा असतो. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये टपाल पेटीचा क्रमांकही पत्ता म्हणून पुरेसा मानावा, असे सांगितले. या मुद्द्याला महत्त्व येण्यास कारण आहे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली होती. स्थानिक जमीन आणि कंत्राटांविषयी माहिती मागणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न तेव्हापासून सातत्याने चर्चेत आहे.

अर्जात प्रश्न विचारण्याऐवजी अभिलेखाचे नाव लिहावे, हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये, ‘एखादी गोष्ट का केली’ या प्रश्नाचे उत्तर कायद्यातील ‘माहिती’ या व्याख्येत येत नाही, असा निर्णय दिला. जी माहिती अभिलेखात आहे तीच द्यावी लागते, नव्याने तयार करून देण्याचे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले.

उदाहरणार्थ, ‘आमच्या गल्लीतील गटार अर्धवट का सोडले?’ असे विचारल्यास उत्तर नाकारले जाऊ शकते. त्याऐवजी, ‘अमुक प्रभागातील अमुक रस्त्यालगतच्या गटाराच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, कंत्राटदारास दिलेली देयके आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात’ असे लिहावे. कामाचा कालावधीही नमूद करावा. प्रत्यक्षात गटार अर्धेच असताना मोजमाप पुस्तिकेत पूर्ण लांबी नोंदलेली असेल, तर ‘का’ या प्रश्नाचे उत्तर त्या पानांतूनच मिळते.

प्रती घेण्याबरोबरच कागदपत्रांची पाहणी करणे, त्यांतून टिपणे काढणे, कामाची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही या अधिकारात येते. कागद नेमका कोणत्या नस्तीत आहे हे ठाऊक नसल्यास प्रथम पाहणीची मागणी करावी आणि नंतर आवश्यक तेवढ्याच पानांच्या प्रती घ्याव्यात.

महाराष्ट्रात २०१८ मधील शासन निर्णयान्वये जिल्हा कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची व्यवस्था करण्यात आली. कर्नाटकात मात्र अर्जाद्वारे पाहणी मागणे हा खात्रीचा मार्ग आहे.

शुल्क

कर्नाटकात अर्जाचे शुल्क १० रुपये असून साध्या आकाराच्या प्रत्येक पानाच्या प्रतीसाठी २ रुपये आकारले जातात. शुल्क पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट किंवा रोख स्वरूपात भरता येते. महाराष्ट्रात रूढ असलेल्या कोर्ट फी मुद्रांकावर येथे विसंबू नये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास पुरावा जोडल्यास शुल्क द्यावे लागत नाही.

अर्ज प्रत्यक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. टपालाने पाठवायचा असल्यास स्पीड पोस्टचा वापर करून पावती जपून ठेवावी. पुढील सर्व मुदती या तारखांवरून मोजल्या जातात.

उत्तराची मुदत

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत माहिती देणे किंवा कारणासह नकार कळविणे बंधनकारक आहे. अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असल्यास आणखी पाच दिवस मिळतात. एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. कारखान्यासारख्या त्रयस्थ पक्षाचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे असल्यास ४० दिवसांची मुदत आहे. प्रतींचे शुल्क कळविल्यापासून ते भरले जाईपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत. मुदत उलटून गेल्यास माहिती विनामूल्य द्यावी लागते.

नकाराची कारणे

कलम ८ मध्ये नकाराची कारणे दिली आहेत. व्यापारी गुपिते आणि तपासात अडथळा आणणारी माहिती यांचा त्यांत समावेश आहे. मात्र एखाद्या कागदाचा काही भाग देण्याजोगा नसल्यास तेवढाच भाग वगळून उरलेला कागद द्यावा, असे कलम १० सांगते.

वैयक्तिक माहितीबाबत अलीकडे महत्त्वाचा बदल झाला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील तरतुदीन्वये माहिती अधिकार कायद्यातील संबंधित पोटकलम बदलण्यात आले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या वैयक्तिक माहितीलाच संरक्षण होते, आता वैयक्तिक माहितीचा सरसकट उल्लेख आहे. त्यामुळे लाभार्थींच्या याद्या किंवा कर्मचाऱ्यांविषयीचा तपशील नाकारला जाण्याची शक्यता वाढली आहे. असे असले तरी, होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असल्यास माहिती देता येते, ही कलम ८(२) मधील तरतूद कायम आहे. अशा प्रसंगी ते सार्वजनिक हित कोणते, हे अर्जदाराने स्पष्टपणे मांडणे आता अधिक आवश्यक झाले आहे.

अपील

मुदतीत उत्तर न आल्यास कायदा त्यास नकार मानतो. नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. त्यावर ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. त्यानेही समाधान न झाल्यास ९० दिवसांच्या आत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. केंद्रीय कार्यालयांच्या बाबतीत हे अपील दिल्लीतील केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते.

सबळ कारणाशिवाय माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल २५ हजार रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आयोगास आहे. हा दंड त्या अधिकाऱ्यास व्यक्तिशः भरावा लागतो. प्रथम अपिलीय अधिकाऱ्यास दंड करण्याचा अधिकार नाही.

अर्जाइतकेच अपिलाच्या तारखांकडेही लक्ष देणे गरजेचे आहे. पहिल्या अपिलाची मुदत हुकल्यास विलंबाचे समाधानकारक कारण द्यावे लागते, अन्यथा नव्याने अर्ज करण्यावाचून पर्याय उरत नाही. योग्य कार्यालय, कायद्यात बसणारी भाषा, अभिलेखाचे नेमके नाव आणि जपून ठेवलेली पोचपावती या चार गोष्टी सांभाळल्यास दहा रुपयांच्या अर्जावर पुरसभेच्या मोजमाप पुस्तिकेचे पान परराज्यातून आलेल्या सामान्य नागरिकाच्याही हाती येऊ शकते.