बारा जोड्यांची कुळकथा

मेंदूच्या तळाशी उगम पावून कवटीच्या छिद्रांवाटे बाहेर पडणाऱ्या आणि डोळे, कान, नाक, जीभ, चेहरा, घसा इथपासून थेट छाती-पोटापर्यंत पोहोचणाऱ्या चेतांना कर्पर चेता म्हणतात. त्यांच्या बारा जोड्या असतात, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. हा बाराचा आकडा मात्र शरीराइतका जुना नाही. तो 1778 मध्ये ठरला. त्याआधी एक शतक तो नऊ होता आणि त्याही आधी सुमारे पंधरा शतके सात होता. चेता तेवढ्याच राहिल्या, मोजणी बदलत गेली, आणि ती का बदलली हे पाहिले म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी सर्पदंशाच्या रुग्णाची पापणी आधी का पाहावी लागते, याचाही उलगडा होतो.

भारतीय परंपरेत या चेतांची मोजणी झाली नाही, पण त्यांच्या दुखापतीची लक्षणे बारकाईने नोंदली गेली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात विधुर नावाचे मर्म कानाच्या मागे व खाली सांगितले असून त्याला इजा झाल्यास बहिरेपणा येतो, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फणा मर्मांना इजा झाल्यास वास कळेनासा होतो, आणि मानेतील नीला व मन्या या मर्मांवर आघात झाल्यास वाचा जाते, आवाज बिघडतो, चव कळत नाही, असे वर्णन आहे. रणांगणातील जखमा पाहणाऱ्या शल्यवैद्याचे हे निरीक्षण आहे. त्याच ग्रंथातील शवविच्छेदनाची रीत अशी, की प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने त्याचे एकेक थर घासून काढावेत. त्वचा, स्नायू, अस्थी यांच्या अभ्यासाला ही रीत उपयोगी पडली; मेंदू मात्र लवकर कुजणारा अवयव असल्याने त्याच्या तळाशी असलेली नाजूक मुळे त्या रीतीने हाती लागणे जवळपास अशक्य होते.

सातचा आकडा गेलेन या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्याचा. माणसाचे शवविच्छेदन त्याला शक्य नसल्याने त्याने माकडे, डुकरे आणि बैल यांच्यावर काम केले, आणि जिवंत डुकराच्या गळ्यातील एक बारीक चेता कापताच त्याचे ओरडणे थांबते, हे लोकांसमोर दाखवून दिले. ती चेता आज दहाव्या जोडीची, म्हणजे व्हेगसची, शाखा मानली जाते. संदेश वाहून नेणारी चेता आणि तिच्यावर अवलंबून असलेले काम यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे प्रयोगाने दाखविणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत गेलेनचे स्थान मोठे आहे. मोजताना मात्र त्याने वासाच्या तंतूंना चेता मानलेच नाही, चेहऱ्याची आणि कानाची चेता एकत्र धरली, तर घशाच्या तिन्ही चेतांची एकच जोडी केली. 1543 मध्ये व्हेसेलियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने गेलेनच्या अनेक चुका उघड केल्या, तरी सातचा आकडा त्यानेही ठेवला. मेंदू कवटीत ठेवूनच वरून कापत जाण्याची तेव्हाची पद्धत याला बरीचशी जबाबदार होती, कारण सुरी तळापर्यंत पोहोचेतो मुळे तुटून गेलेली असत.

टॉमस विलिस या ऑक्सफर्डच्या वैद्याने हीच अडचण दूर केली. त्याने अखंड मेंदू कवटीतून बाहेर काढला, उलटा ठेवला आणि तळाकडून पाहिला. 1664 मध्ये निघालेल्या त्याच्या ग्रंथातील चित्रांसाठी पुढे वास्तुविशारद म्हणून गाजलेल्या क्रिस्टोफर रेन याचा हात लाभला होता. समोरून मागे अशा क्रमाने मोजत विलिसने वासाच्या चेतेला पहिले स्थान दिले, दृष्टीची दुसरी, डोळा हलविणाऱ्या तीन चेतांना तिसरा, चौथा व सहावा क्रमांक आणि चेहऱ्याच्या संवेदनांची पाचवी अशी मांडणी केली, जी आजही तशीच आहे. कवटीतून निघणाऱ्या नऊ जोड्या त्याने धरल्या. सातव्या जोडीत त्याने कठीण आणि मृदू असे दोन भाग एकत्र ठेवले: कठीण भाग चेहऱ्याचे स्नायू हलविणारा, मृदू भाग ऐकण्याचा.

हे दोन भाग वेगळे करण्याचे काम सॅम्युएल सोमरिंग या तेवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याने 1778 मध्ये गटिंगेन येथे सादर केलेल्या प्रबंधात केले. चेहऱ्याची सातवी, श्रवण व तोल यांची आठवी. घशाची नववी, व्हेगस दहावी, मान व खांदा उचलणारी अकरावी आणि जीभ हलविणारी बारावी. ब्रिटनमध्ये विलिसची मोजणी त्यानंतरही बराच काळ टिकली. 1858 मध्ये निघालेल्या ग्रेच्या शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथातही नऊ जोड्यांचा हिशेब आहे. मुंबईत 1845 मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 मध्ये भाऊ दाजी लाड आदी पहिले पदवीधर बाहेर पडले, तेव्हा शिक्षण इंग्रजी ग्रंथांतून होत असल्याने त्या पिढीला दोन्ही मोजण्या जुळवून घ्याव्या लागल्या असणार.

या मोजणीचा खाटेशेजारचा उपयोग हरसूलसारख्या ठिकाणी दिसतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे सह्याद्रीच्या उतारावरचे, गुजरातच्या सीमेलगतचे आदिवासी भागातील गाव. पाऊस भरपूर, पिके भात, नागली आणि वरई यांची, आणि पावसाळ्यात अनेक घरांत जमिनीवर अंथरूण. अशा मुलखात मण्यार रात्री अंथरुणाजवळ येते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि पहाटे पोटात कळ येऊन माणूस उठतो तेव्हा पान लागले आहे, हे घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. अशा वेळी निदान होते ते कर्पर चेतांच्या तपासणीतून. रुग्णाला मान न हलविता वर टक लावून पाहायला सांगितले जाते, आणि तिसऱ्या जोडीच्या अखत्यारीतील पापण्या हळूहळू खाली येतात का, हे पाहिले जाते. मग बोटामागे डोळे सर्व दिशांना फिरतात का, एकाचे दोन दिसते का, दात दाखविता येतात का, घोटभर पाणी गिळता येते का, जीभ बाहेर निघते का आणि उशीवरून मान उचलता येते का, असा क्रम चालतो. शेवटी एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे पाहतात, कारण छातीचे स्नायू थकू लागल्याची लवकर दिसणारी खूण ती असते.

ही तपासणी चेतांच्या नावाने चालत असली, तरी विषाचा घाव चेतेच्या दोरावर नसून ती जिथे स्नायूला भिडते त्या सांध्यावर असतो. डोळ्यांचे स्नायू सतत आणि झपाट्याने काम करणारे असल्याने त्यांच्या सांध्यांना संदेशांचा तुटवडा सोसत नाही, म्हणून पापणी आधी पडते, असे मानले जाते. नागाचे विष स्नायूच्या बाजूची ग्राहके अडवते, आणि म्हणून निओस्टिग्मीन हे औषध, आधी अॅट्रोपीन देऊन, पुष्कळदा पापणी पुन्हा उचलून देते. मण्यारीचे विष मुख्यत्वे चेतेचे टोकच निकामी करते. तिथे निओस्टिग्मीनचा उपयोग थोडा, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिसर्पविष लसही फक्त रक्तात फिरणारे विष अडविते. बिघडलेले टोक ती दुरुस्त करीत नाही. ते टोक शरीरालाच पुन्हा घडवावे लागते आणि तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो. वाघेरा घाट ओलांडून नाशिकच्या मोठ्या रुग्णालयाकडे रुग्ण पाठविताना म्हणूनच लस सुरू करण्याइतकेच श्वास सांभाळण्याला महत्त्व आहे, आणि लक्षणे कोणत्या वेळी दिसली, हे चिठ्ठीवर लिहिलेले पुढच्या डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

सोमरिंगने वेगळ्या केलेल्या सातव्या आणि आठव्या जोड्यांचा फरक मण्यारीच्या गंभीर रुग्णात उघड होतो. पापण्या मिटलेल्या, डोळे स्थिर, बाहुल्या विस्फारलेल्या, चेहरा निश्चल, हातपाय लुळे, अशा रुग्णाला पाहून मेंदू मृत झाल्याचा समज होणे सहज शक्य असते. पण आठवी चेता संवेदना आणणारी आहे. तिच्या टोकाशी स्नायूचा सांधा नाही, त्यामुळे खाटेशेजारी बोललेले बहुधा सारे त्या रुग्णाला ऐकू येत असते. सर्पदंशानंतर अशा चिन्हांवरून मेंदू मृत ठरविण्याची घाई करू नये, कृत्रिम श्वास चालू ठेवावा आणि त्याच्याशी नावाने बोलत राहावे. बरे होण्याच्या काळात पापण्यांची हालचाल काही दिवसांत परत येऊ लागते.