अंतराचा हिशेब

कॉटन ग्रीन हे नाव आधी कुलाब्याचे. तेथील कापूसबाजार १९२० नंतर शिवडीच्या भरावावर हलला, नावही सोबत आले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची गाडी या बाजूने सुरू झाली. दूरच्या जादा पगाराची वाट मोकळी झाली. तरी लालबाग-परळचा गिरणीकामगार बहुधा भोंग्याच्या टापूतच राहिला. बदलीवाल्याने पहाटे गिरणीच्या दरवाजाशी हजर नसावे, तर दिवस बुडे. वाण्याची उधारी, खानावळ, गाववाल्यांचा आधार सारे चाळीपाशीच. चार रुपयांसाठी एवढे गमावणे परवडणारे नव्हते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कुटुंबे कल्याण-विरारकडे पांगली. अंतर हा पगाराचाच भाग, हे त्या अडाणी म्हणविलेल्या माणसांनी केव्हाच जाणले होते.