मंगलोरी कौल

मंगलोरी कौल : उतरत्या छपरासाठी यंत्रावर दाबून भट्टीत भाजलेले, चपटे व खाचेदार मातीचे कौल (पहा : मृत्तिका उद्योग).

उगम : बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूर येथे नेत्रावती नदीकाठी कारखाना सुरू केला. पुढे कोकण व गोव्यात या कौलांनी हाताने घडविलेल्या नळीच्या कौलांची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली.

वैशिष्ट्ये : मातीतील लोहामुळे भाजल्यावर तांबडा रंग येतो. कडांवरील खाचा व कंगोरे शेजारच्या कौलांत अडकतात. खालच्या अंगाची नाके रिपेवर टेकतात. वरच्या ओळीची कड खालच्या ओळीवर येत असल्याने पाणी पन्हळीवाटे वळचणीकडे वाहते. सांध्यांतून हवा खेळती राहते. उजेडासाठी मधूनमधून काचेची कौले बसवितात.

देखभाल : पावसाळ्यापूर्वी शाकारणी करतात. तीत शेवाळ व पालापाचोळा काढणे, सरकलेली कौले बसविणे, फुटकी बदलणे आणि रिपा व वासे वाळवी किंवा कुजीसाठी तपासणे ही कामे येतात. आढ्यावरील कौलांचा निखळलेला चुना अथवा सिमेंट पुन्हा भरतात (पहा : चुना).

महत्त्व : प्रत्येक कौल सुटे असल्याने संपूर्ण छप्पर न उतरविता दुरुस्ती होते, उतरविलेली धड कौले पुन्हा वापरता येतात. कोकणातील घरबांधणीत त्यांना महत्त्वाचे स्थान आहे (पहा : जांभा, छप्पर).