प्राचीन ख्रिस्ती ग्रीक ग्रंथांतील दक्षिणापथ व संगणकीय शब्दशोध

दक्षिणापथाच्या प्राचीन इतिहासाचीं ग्रीक साधनें म्हटलीं म्हणजे अभ्यासकांस ‘पेरिप्लस’ व टॉलेमीचा भूगोल हे दोन ग्रंथ प्रथम आठवतात. पैकीं पेरिप्लस हें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका अज्ञात लेखकाचें वर्णन होय. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असें त्यांत म्हटलें आहे. तगराहून साधें कापड व नाना प्रकारची मलमल भडोचेस जात असे, असेंही त्यांत आहे. हें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं साधार दाखविलें. लातूर-नांदेडकडील इतिहासप्रेमी मंडळींस तेरचा अभिमान वाटतो, तो रास्तच आहे.

या दोन ग्रंथांनंतर ख्रिस्ती धर्माचार्यांनीं ग्रीक भाषेंत जें अफाट लेखन केलें, त्यांतही हिंदुस्थानाचे उल्लेख आहेत. परंतु ते धर्मवादाच्या ओघांत, अनपेक्षित स्थळीं येतात. मीन्य या फ्रेंच धर्मगुरूनें १८५७ ते १८६६ या काळांत छापलेली ग्रीक धर्माचार्यांची माला १६१ खंडांची आहे. ती पानोपान वाचून आपल्या देशाचीं नांवें वेंचणें हें एका माणसाच्या आयुष्यांत उरकणारें काम नव्हे. आतां तें संगणकाच्या साहाय्यानें घरबसल्या करतां येतें. त्याची रीत, त्याचें फळ व त्यांतील धोका यांचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

१. साधन

पदसूची ही वस्तु आपणांस नवी नाहीं. कर्नल जेकब यांचा ‘उपनिषद्वाक्यकोश’ १८९१ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला व ब्लूमफील्ड यांची वैदिक मंत्रपादांची सूची १९०६ सालीं. ग्रीक भाषेचा ‘थेसॉरस’ नांवाचा महाकोश आंरी एस्तिएन यानें १५७२ सालीं छापला. बरोबर चारशें वर्षांनीं, १९७२ सालीं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेंत त्याच नांवाचा दुसरा उद्योग आरंभिला गेला. होमरपासून १४५३ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावापर्यंतचें ग्रीक वाङ्मय संगणकांत उतरवावें, हा त्याचा संकल्प. त्यांतील शब्दसंख्या आज दहा कोटींहून अधिक आहे. २००१ पासून हा संग्रह इंटरनेटवर आहे. पूर्ण संग्रहास वर्गणी पडते, कांहीं भाग विनामूल्य आहे. टफ्ट्स विद्यापीठाचा ‘पर्सियस’ हा लहान संग्रह सर्वांस मोकळा आहे.

२. रूपांची अडचण

संस्कृत जाणणारास या शोधांतील पहिली अडचण सांगावी लागत नाहीं. ग्रीक भाषाही विभक्तिप्रधान आहे. ‘लोगोस’ (शब्द) हें प्रथमेचें रूप शोधणारास षष्ठीचें ‘लोगू’ हातीं लागत नाहीं. क्रियापदांत तर धातूच पालटतो. ‘पश्यति’ शोधणारास ‘ददर्श’ सांपडत नाहीं, तसेंच ग्रीकमध्यें ‘होराओ’ म्हणजे पाहतों, ‘ओप्सोमाइ’ म्हणजे पाहीन व ‘एइदोन’ म्हणजे पाहिलें. तीन रूपें, तीन मूळें. यास्तव धातु अथवा प्रातिपदिक सांगितलें असतां सर्व रूपें एकत्र देणारी सोय आज्ञावलींत केलेली असते. पण ही ओळख यंत्र आपल्या नियमांनीं करतें. ‘भवति’ हें क्रियापदही आहे व ‘भवत्’ शब्दाची सप्तमीही. त्यांचा निवाडा वाक्य वाचल्यावांचून होत नाहीं. ग्रीकमध्येंही अशीं रूपें विपुल आहेत.

३. नांवांची अडचण

परक्या देशाचीं नांवें ग्रीक लेखकांनीं कानास पडलीं तशीं लिहिलीं. आपलें कल्याण बंदर पेरिप्लसमध्यें ‘कल्लिएना’ आहे. सहाव्या शतकांतील कॉस्मस इंडिकोप्ल्यूस्टस याच्या ‘ख्रिस्ती भूवर्णन’ ग्रंथांत तेंच ‘कल्लिआना’ आहे. एका रूपानें शोध केला तर दुसरें सुटतें, आणि सुटणारें कॉस्मसचें असेल तर हानि मोठी. कारण इराणांतून नेमणूक होऊन आलेला ख्रिस्ती बिशप कल्याण येथें असतो, ही बहुमोल माहिती तेथेंच आहे.

याहून बोधप्रद उदाहरण बुद्धाच्या नांवाचें. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट यानें दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आपल्या ‘स्ट्रोमातेइस’ ग्रंथाच्या पहिल्या भागांत, हिंदी लोकांपैकीं कित्येक बुद्धाच्या आज्ञा पाळतात व त्यास देवाप्रमाणें मानतात, असें लिहिलें. तेथें रूप ‘बूत्ता’ असें आहे. ‘बूद्द’ या अक्षरांनीं शोध घेणारास हें स्थळ दिसणार नाहीं. त्याऐवजीं चौथ्या शतकांतील यरुशलेमचा सिरिल याच्या प्रवचनांतील ‘बूद्दास’ सांपडेल. हा बूद्दास म्हणजे मानी-पंथाच्या उत्पत्तिकथेंतील तेरेबिंथस नामक मनुष्य. त्यानें हें नांव धारण केलें अशी कथा आहे. खरा उल्लेख सुटला व भलताच पुरुष हातीं आला, असा हा प्रकार.

‘इंडिया’ या शब्दाचीही तीच गत. युसीबियस सांगतो कीं पँटीनस हा आचार्य इंडियांत गेला व तेथें त्यास मॅथ्यूचें शुभवर्तमान हिब्रू अक्षरांत आढळलें. परंतु त्या काळचे लेखक हबसाण व दक्षिण अरबस्तान यांसही इंडिया म्हणत. केवळ शब्द सांपडला म्हणून देश सांपडला असें होत नाहीं.

४. पाठभेदाची अडचण

पोथ्या बाळगणारांनीं विशेष लक्ष द्यावें असें स्थळ पुढें आहे. क्लेमेंट त्याच प्रकरणांत ‘सार्मानाइ’ म्हणजे श्रमण व ‘ब्राख्मानाइ’ म्हणजे ब्राह्मण यांचा निर्देश करतो. श्रमणांपैकीं एका वर्गास छापील ग्रंथांत ‘हुलोबिओइ’ म्हणजे वनवासी असें नांव आहे. आपला वानप्रस्थ शब्द येथें सहज स्मरतो. हस्तलिखितांत मात्र ‘आल्लोबिओइ’ असें आहे. स्ट्राबोच्या ग्रंथाच्या आधारें संपादकांनीं तें दुरुस्त केलें. या ग्रंथाचें स्वतंत्र प्रमाण म्हणजे फ्लॉरेन्स येथील अकराव्या शतकांतील एकच पोथी. संगणकांत उतरतो तो संपादकाचा पाठ. तळटीपांतील पाठभेद बहुधा उतरत नाहींत. यास्तव यंत्राची साक्ष ही पोथीची साक्ष नव्हे, संपादकाची होय.

५. तागाबेना आणि तेर

आतां आमच्या प्रांताच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. तिसऱ्या शतकांतील हिप्पोलितस याच्या नांवावर असलेल्या ‘सर्व पाखंडांचें खंडन’ या ग्रंथाच्या पहिल्या भागाच्या शेवटीं ब्राह्मणांचें वर्णन असून ते ‘तागाबेना’ नदीचें पाणी पितात असें म्हटलें आहे. आद्याक्षरांवरून शोध घेतला तर ग्रीक वर्णक्रमानें हें नांव तगराच्या शेजारींच येऊन बसतें. तेर तेरणेच्या कांठीं आहे. तेव्हां तागाबेना म्हणजे ‘तगर-वेणा’, म्हणजेच तेरणा, आणि ते ब्राह्मण मराठवाड्याचे, असें म्हणण्याचा मोह कोणासही होईल.

आमच्या मतें हा मोह आवरला पाहिजे. हिप्पोलितस तेथें तगराचें नांव घेत नाहीं, व्यापाराचें घेत नाहीं, अंतर सांगत नाहीं. तेरणेस ‘तगरवेणा’ म्हटल्याचा ताम्रपट वा शिलालेख पुढें आल्यावांचून ही कल्पना उभी राहूं शकत नाहीं. उलट फ्रेंच पंडित फिलिओझा यांनीं १९४५ सालीं तागाबेना म्हणजे तुंगवेणा, अर्थात् तुंगभद्रा, असें प्रतिपादिलें. त्यांच्या पक्षास नदीचें खरोखरीचें संस्कृत नांव आहे. ‘तगर-वेणे’च्या पक्षास अक्षरसाम्याखेरीज कांहीं नाहीं. कॉस्मसनें दिलेल्या हिंदी बाजारपेठांच्या यादींत कल्लिआना आहे, सिबोर (बहुधा चेऊल) आहे, मलबारचीं बंदरें आहेत, तगर नाहीं. तेरचें महत्त्व पेरिप्लस, टॉलेमी व तेथील उत्खनन यांवर भक्कम उभें आहे; त्यास उसना आधार देऊं गेल्यास असलेल्या आधाराविषयींही लोक साशंक होतील.

६. पोथीसंग्राहकांस विनंति

या सर्व विवेचनाचा उपयोग आपल्या घरच्या दप्तरांसही आहे. मराठवाड्यांतील मठांत व घराण्यांत असलेल्या पोथ्या हळूहळू संगणकांत उतरूं लागल्या आहेत. महानुभावांनीं लीळाचरित्रांत ‘हिराइसा पाठ’, ‘परशरामबास पाठ’ असे पाठ नांवानिशीं नोंदवून ठेवले. तें शिस्तीचें उदाहरण आहे. आज एकच ‘शुद्ध’ पाठ उतरवून बाकीचे टाकले, तर उद्यांचा शोधक आपण शुद्ध केलेलेंच पुन्हा शोधून काढील. यास्तव आमची विनंति चार गोष्टींची: पोथींतील अक्षर पोथींतल्याप्रमाणेंच उतरावें, दुरुस्ती वेगळी दाखवावी, पाठभेद मूळ पाठाबरोबरच शोधतां येतील असे ठेवावे, सकळ लिपींतील पोथी असल्यास लिप्यंतराबरोबर मूळ पानाची प्रतिमा जोडावी. एवढें झालें तर तेरचा नवा उल्लेख कोठें दडला असल्यास तो कधीं तरी हातीं येईल, आणि आला तेव्हां त्याजवर विश्वासही ठेवतां येईल.