ईबीसी सवलत

आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना महाराष्ट्र शासनाकडून मिळणारी शिक्षणशुल्काची माफी. जात नव्हे, तर पालकांचे उत्पन्न हा तिचा मूळ निकष. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाच्या काळातली ही सवलत. शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. वार्षिक १,२०० रुपयांची तेव्हाची उत्पन्नमर्यादा जुन्या पिढीच्या आजही तोंडात असते. शेतकऱ्यांच्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर या सवलतीवर शिकला.

तेव्हा महाविद्यालये बहुतेक अनुदानित होती आणि फी बेताची, त्यामुळे माफीचा भार शासनाला पेलत असे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली आणि हिशेब बदलला. फी वाढत गेली, उत्पन्नमर्यादा मात्र रेंगाळली. २०१६ पर्यंत ती १ लाख रुपयांवरच होती. साध्या शिपायाचा पगारही तिच्यात बसेना. त्या वर्षी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने योजनेची नव्याने मांडणी झाली आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने ८ लाखांवर गेली. व्यावसायिक अभ्यासक्रमांत साधारणपणे निम्मे शिक्षणशुल्क शासन भरते. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मुलींना पूर्ण माफी आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला लाभ नाही. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा.

योजनेचा सगळा डोलारा तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यावर उभा आहे, आणि तोच तिचा कच्चा दुवा. नोकरदाराचा पै न् पै पगारपत्रकात दिसतो. दुकानदाराचे उत्पन्न त्याने सांगावे तेवढेच. शेतकऱ्याचे तर पावसागणिक बदलते, पण दाखल्यावर एकच आकडा लागतो. दुसरी अडचण वेळेची. फी प्रवेशाच्या वेळीच मागितली जाते, शासनाची रक्कम सावकाश येते. दरम्यान महाविद्यालयाने पूर्ण फीचा आग्रह धरला, तर सवलत ज्याच्यासाठी आहे त्यालाच आधी कर्ज काढावे लागते.

शिवाय ही माफी फीपुरती. खोलीभाडे, खानावळ, एसटीचा पास, पुस्तके यांचे काय? परगावी शिकणाऱ्याला हाच खर्च अनेकदा फीपेक्षा जड जातो. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मात्र शासनाच्या या योजना फार उशिरा आल्या. पुण्यात विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून खेड्यांतून आलेल्या गरजू मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करत आली आहे.