निळीचा हिशेब

नीळ म्हटली की आपल्या घरांत आठवते ती धुतलेल्या धोतराला शेवटच्या पाण्यात द्यायची पूड. ती बहुधा अल्ट्रामरीन, म्हणजे खनिज वर्गातला रंग. खरी नीळ झाडाची. आपल्या सीमाभागात तिच्यावर पोट भरणाऱ्या रंगाऱ्यांना मराठीत निराळी आणि कानडीत नीलगार म्हणत. त्यांच्या पिंपातल्या या रंगाचा हिशेब मात्र जर्मनीतल्या प्रयोगशाळांत मांडला गेला आणि चुकता करावा लागला बिहारमधल्या चंपारणच्या रयतेला.

गंमत अशी की झाडात निळा रंग नसतोच. पानांत असते इंडिकन, साखरेला बांधलेले एक रंगहीन द्रव्य. पाला हौदात भिजवून आंबवला की साखर सुटते आणि इंडॉक्सिल मोकळे होते. ते पाणी घुसळून त्यात हवा खेळवली की इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू जोडले जाऊन नीळ तयार होते आणि तळाशी बसते. पण ही नीळ पाण्यात विरघळत नाही, मग कापडावर चढणार कशी? रंगारी तिला अल्कधर्मी पिंपात पुन्हा आंबवतो. तिचे क्षपण होते, ती पिवळसर हिरवी होऊन विरघळते आणि धाग्यात शिरते. कापड वाऱ्यावर धरले की डोळ्यांदेखत हिरव्याचे निळे होते. रेणूची रचना कुणाला ठाऊक नसताना ही विद्या हातांना ठाऊक होती.

रचना उलगडली ती आडोल्फ फॉन बायर यांनी. १८६५च्या सुमारास त्यांनी हे काम हाती घेतले आणि १८८३ मध्ये निळीची रचना मांडली. १९०५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रचना कळल्यावर नातीही कळतात. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर यांनी १२,००० समुद्री गोगलगायींतून अवघा १.४ ग्रॅम जांभळा रंग काढला आणि दाखवले, की रोमन सम्राटांच्या वस्त्रांचा हा रंग म्हणजे नीळच, फक्त दोन हायड्रोजन अणूंच्या जागी दोन ब्रोमीन.

बायर यांच्या पद्धती कारखान्याला परवडल्या नाहीत. झुरिकच्या कार्ल हॉयमान यांनी १८९० मध्ये नवा मार्ग दाखवला आणि १८९७ मध्ये बाडिश कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्या वर्षी जगात नीळझाडांखाली सुमारे ७,००० चौरस किलोमीटर जमीन होती, त्यातली बहुतेक हिंदुस्थानात. पुढच्या सतरा वर्षांत झाडाची नीळ सुमारे १९,००० टनांवरून १,००० टनांवर आली.

आता तोटा कुणाचा? तर्काने पाहिले तर निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांचा. पण चंपारणात तीनकठिया पद्धत होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे रयतेने निळीला द्यायचेच. नीळ परवडेनाशी झाली तेव्हा मळेवाल्यांनी या सक्तीतून सुटका 'देऊ केली', पण फुकट नव्हे. कुठे त्याबदल्यात खंड वाढवला, त्याला म्हणत शरहबेशी. कुठे एकरकमी पैसे घेतले, तो तावान. म्हणजे बाजार बुडाला मळेवाल्याचा आणि भरपाई केली कुळाने! पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबला, भाव चढले, तशी लागवडीची निकडही परतली.

राजकुमार शुक्ल यांच्या पाठपुराव्याने गांधीजी एप्रिल १९१७ मध्ये चंपारणात आले. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत तेही सदस्य होते. वाढीव खंडात वीस ते सव्वीस टक्के कपात झाली, तावानाचे पंचवीस टक्के परत मिळाले आणि १९१८च्या कायद्याने तीनकठिया संपली.

या साऱ्याचा दोष बायर यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. झाडाची आणि कारखान्याची नीळ रेणूने एकच. आज जगातल्या जीन्सच्या कापडाला लागते ती बहुतांशी कारखान्यातलीच, आणि रोज धुतली की तशीच विटते. नव्या शोधाने धंदा बसतो, हे जुनेच आहे. तो बसताना तोटा कुणाच्या पदरात पडणार, हे मात्र रसायनशास्त्र ठरवत नाही. ते जमीन कुणाच्या नावावर आहे आणि करार कुणी लिहिला आहे, यावर ठरते. चंपारणच्या कुळाला ते प्रयोगशाळा न पाहताच कळले होते.