दार उघडे आहे, हे ठरवायचे कोणी?

१/ ऑगस्ट २०११. शिकागोजवळच्या एल्महर्स्ट या छोट्या खासगी महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात एक नवा, ऐच्छिक प्रश्न आला : आपण स्वतःला एलजीबीटी समुदायाचा भाग मानता का? असा प्रश्न विचारणारे ते अमेरिकेतील पहिले महाविद्यालय ठरले. पण विद्यार्थ्याने उलट विचारले, ‘तुमच्याकडे मी निर्धास्त राहू शकेन का?’, तर त्याचे उत्तर कुठे शोधायचे? या शोधाला स्वतःचा इतिहास आहे.

२/ पहिली कसोटी होती मान्यतेची. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेला अधिकृत मान्यता दिली. देशातील ही अशी पहिलीच घटना. सभेला खोली मिळते की नाही, एवढ्यावरच तेव्हा संस्थेची पारख होई.

३/ १९७३ मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठात अशाच एका संघटनेने नृत्याचा कार्यक्रम केला. राज्यपाल मेल्ड्रिम थॉमसन खवळले आणि संघटनेच्या सामाजिक कार्यक्रमांवर बंदी आली. विद्यार्थी न्यायालयात गेले. डिसेंबर १९७४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला : संघटनास्वातंत्र्य या विद्यार्थ्यांनाही आहे.

४/ या विजयाला मात्र एक मर्यादा होती. अमेरिकी संविधानातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी सरकारवर, म्हणजेच सरकारी विद्यापीठांवर, बंधनकारक आहे. खासगी संस्थांवर नाही. आणि छोट्या निवासी महाविद्यालयांपैकी बहुसंख्य खासगीच. तेथील विद्यार्थ्यांना न्यू हॅम्पशायरचा निकाल थेट उपयोगी पडणारा नव्हता.

५/ १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणातील लिंगाधारित भेदभावाला बंदी केली. पण धार्मिक संस्थांच्या नियंत्रणाखालील महाविद्यालयांना, धर्मतत्त्वांशी विरोध येत असेल तेथे, सूट ठेवली. २०१४ मध्ये ओरेगनमधील जॉर्ज फॉक्स या ख्रिस्ती विद्यापीठाला अशी सूट मिळाली. प्रश्न होता एका पारलिंगी विद्यार्थ्याच्या वसतिगृहातील निवासाचा.

६/ न्यायालयाचा मार्ग अरुंद, म्हणून मोजमापाची नवी साधने आली. २००६ मध्ये शेन विंडमायर यांची महाविद्यालय-मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. २००७ पासून ‘कॅम्पस प्राइड’ संस्थेचा निर्देशांक धोरणे, वसतिगृह, सुरक्षा, समुपदेशन अशा निकषांवर महाविद्यालयांना तारे देऊ लागला.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे नेहमीचा प्रश्न विचारावा : साधन कोणी निर्माण केले? या निर्देशांकाची प्रश्नावली महाविद्यालयाचेच कर्मचारी भरतात. ‘प्रिन्स्टन रिव्ह्यू’ची यादी विद्यार्थ्यांच्या पाहणीवर आधारलेली, पण तेथे उत्तर देणारे बहुसंख्य विद्यार्थी भिन्नलिंगी असणार. एकीकडे यजमान स्वतःच्या आतिथ्याची साक्ष देतो, दुसरीकडे शेजारी.

८/ छोट्या महाविद्यालयांबाबत हे अधिकच अवघड. स्वतंत्र कार्यालय, पूर्णवेळ अधिकारी, खास अभ्यासक्रम मोठ्या विद्यापीठाला परवडतात, आणि तारेही त्यांवर मिळतात. छोट्या ठिकाणी सारा आधार एखाद्या प्राध्यापकावर किंवा चार-पाच विद्यार्थ्यांवर उभा असू शकतो. तो आधार कागदावर दिसत नाही. प्राध्यापक निवृत्त झाले, ते विद्यार्थी पदवी घेऊन गेले, की नाहीसा झालेलाही दिसत नाही. शिवाय सगळेच एकमेकांना ओळखतात, तेथे ओळख लपवणे कठीण. स्वागत नसेल तर पळवाटही नाही.

९/ म्हणून एकच साक्षीदार पुरेसा नाही. भेदभावविरोधी धोरणात लैंगिक कल आणि लिंगओळख यांचा स्पष्ट उल्लेख आहे का? संस्थेने कायद्यातून सूट मागितली आहे का? विद्यार्थी संघटना सलग किती वर्षे टिकली? या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर ताऱ्यांहून अधिक कळते.

१०/ ही उठाठेव कोणासाठी? आपली ओळख अद्याप घरीही न सांगितलेल्या सतरा वर्षांच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी. पालकांसोबत महाविद्यालय पाहायला गेल्यावर हा प्रश्न त्यांना मोठ्याने विचारता येत नाही. त्यांच्या हाती असतात फक्त नोंदी. त्या खऱ्या असतील, तर पुढची चार वर्षे कुठे काढायची हे त्यांना डोळसपणे ठरवता येते.